११-३६ ची ११-४२: एमटीबीची कॅसेट घरी कशी बांधायची आणि मधला खड्डा कुठे ठेवायचा

माझी एमटीबी (माउंटन बाइक) दहा स्पीडची आहे, पुढे पेडलपाशी एकच ३२ दातांची चेनरिंग, मागे ११-३६ ची कॅसेट, म्हणजे ११ ते ३६ दातांच्या दहा चकत्यांचा (कॉग) संच, चाक २९ इंची. पुण्यात इकडेतिकडे फिरायला एकदम मस्त, पण गोळेवाडीवरून सिंहगड चढायला घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरलाच मी सगळ्यात हलक्या गिअरवर असायचो, अंगठा उगाच शिफ्टर दाबत राहायचा आणि मागे काही शिल्लक नसायचं. वर पोचायचो, नाही असं नाही, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे बोलायचे.

तेव्हा बसून हिशोब केला. २९ च्या चाकाचा घेर साधारण २.२९ मीटर. ३२ ला ३६ ने भागलं की ०.८९, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.०४ मीटर पुढे जाते. तीव्र चढावर माझा वेग ताशी ६ किलोमीटरला येतो, म्हणजे मिनिटाला १०० मीटर, म्हणजे मिनिटाला ४९ फेरे. हेच मागे ४२ दात असतील तर एका फेऱ्यात १.७५ मीटर आणि त्याच वेगाला ५७ फेरे. आठ फेऱ्यांचा फरक कागदावर चिल्लर वाटतो, पण ४९ ला तुम्ही प्रत्येक पेडल ढकलत असता आणि ५७ ला पाय फिरत असतात, तासाभराच्या चढात हा फरक सरळ गुडघ्यात कळतो.

म्हणून कॅसेट बांधली, आणि बांधताना कळलं ते असं की मोठा कॉग बसवणं हे काम सोपं आहे, तो कोणीही बसवेल. खरं काम मधल्या गिअरचं आहे. कॉग दहाच बसणार, मग मागे एक वाढवला की मधला एक जाणार आणि तिथे खड्डा पडणार, म्हणजे दोन गिअरमध्ये मोठी उडी येणार. तो कुठे पाडायचा हे आधी ठरवायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.

आधी बघा तुमच्या सायकलला हे लागू आहे का

आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त गिअर सायकलींना मागे कॅसेट नसतेच, आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं, म्हणजे सगळे कॉग एकाच तुकड्यात. ओळखायचं कसं, तर चाक काढा, ॲक्सलच्या भोवती जिथे टूल बसतं ती खाचांची गोल जागा बघा आणि कॉग हाताने उलटे फिरवा. ती जागा कॉगबरोबर फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघालं तर या लेखातलं कॉग बदलायचं काम तिथे होणार नाही, आधी मागचं हब (चाकाचा मधला भाग) बदलायला लागेल, आणि तो खर्च करावा का ते सायकलच्या किमतीकडे बघून ठरवा.

कॅसेट असेल तर फ्रीहब, म्हणजे हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते तो, शिमानो कंपनीच्या एचजी पद्धतीचा हवा, आठ-नऊ-दहा स्पीडच्या बहुतेक एमटीबींना तोच असतो. स्रॅमचा एक्सडी किंवा शिमानोचा मायक्रो स्प्लाइन असेल तर त्यावर आधीच ४२ ते ५० दातांच्या आसपासची कॅसेट बसते, तुम्हाला हे करायची गरजच नाही.

आणि एक प्रामाणिकपणे सांगतो, दहा स्पीडला शिमानोची तयार ११-४२ मिळते, ११-४६ पण आहे. तुमची जुनी कॅसेट झिजली असेल आणि तयार कॅसेट रास्त भावात मिळत असेल तर सरळ ती घ्या, ती कारखान्यात एकत्र विचार करून बनवलेली असते आणि शिफ्टिंग आपल्या जुगाडापेक्षा चांगलंच होतं. स्वतः बांधायची ती कधी, तर जुनी कॅसेट अजून चांगली असेल तेव्हा, किंवा तुम्हाला हवा तसा क्रम कोणीच बनवत नसेल तेव्हा. माझं पहिलं कारण होतं.

कागदावरचं काम, हे टाळू नका

शिमानोच्या दहा स्पीड ११-३६ चा क्रम आहे ११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८-३२-३६. आता दातांतला फरक बघायचा नाही, टक्के बघायचे. ११ वरून १३ ला दोनच दात वाढतात पण ते १८ टक्के होतात, आणि ३२ वरून ३६ ला चार दात वाढूनही साडेबाराच टक्के. पायाला टक्के कळतात. साधारण १५ टक्क्यांच्या आसपास पायरी असली की पेडलिंगची लय मोडत नाही, २० ला जाणवते, २५ च्या पुढे गेलं की एक गिअर जड आणि पुढचा एकदम हलका, मधलं काही नाही असं व्हायला लागतं.

३६ च्या मागे ४२ बसवला तर ती पायरी १६.७ टक्क्यांची होते, ती ठीकच आहे. प्रश्न काढायचं काय हा. सगळे सांगतात १७ काढा, कारण तो बहुतेक कॅसेटमध्ये सुटा असतो, चटकन निघतो. पण मग १५ वरून थेट १९, म्हणजे २६.७ टक्के. आणि हा खड्डा पडतो कुठे तर सपाट रस्त्यावर ज्या गिअरवर आपण सगळ्यात जास्त वेळ असतो बरोबर तिथेच. मी दोन आठवडे असं चालवून बघितलं, समोरून वारा आला की १५ वर पाय जड आणि १९ वर नुसते भिरभिरतायत, सारखं खालीवर करत बसायचो.

दुसरा मार्ग, १५ आणि १७ दोन्ही काढून मधे १६ घालायचा. मग १३ ते १६ ला २३ टक्के आणि १६ ते १९ ला पावणेएकोणीस. खड्डा दोन ठिकाणी वाटला जातो, पहिल्यापेक्षा बरंच बरं. पूर्वी दहा स्पीडच्या ४२ च्या कॉगबरोबर एक १६ चा कॉग विकायचे तो यासाठीच.

तिसरा, आणि मला मनापासून आवडलेला, १७ आणि १९ काढा आणि १८ घाला. ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२-३६-४२. इथे १५ ते १८ ला २० टक्के, १८ ते २१ ला १६.७, आणि बाकी कुठेच मोठी उडी नाही. गंमत म्हणजे शिमानोच्या तयार ११-४२ चा क्रम बघा, ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२-३७-४२, म्हणजे त्यांनीही तीच वाट धरलीय, फक्त ३६ च्या जागी ३७. अडचण एकच, १९ सुटा असायला हवा. महागड्या कॅसेटमध्ये १९-२१-२४ हे तीन एकाच ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर पक्के असतात, तिथे हे जमत नाही आणि १६ वाला मार्गच घ्यावा लागतो. साध्या कॅसेटमध्ये मोठे कॉग तीन लांब पिनांनी एकत्र ओवलेले असतात, त्या पिना काढता येतात. म्हणजे इथे स्वस्त कॅसेट जास्त कामाची.

अजून एक पर्याय ज्यांना डोंगरच जास्त आहेत त्यांच्यासाठी, ११ च काढून टाका आणि कॅसेट १३ पासून सुरू करा, मधलं सगळं जसंच्या तसं राहतं. ३२ ला १३, ९० फेऱ्यांना ताशी ३० किलोमीटर, आणि ११ असता तर ३६. उतारावर पेडल मारायची सवय नसेल तर काही बिघडत नाही. पण यासाठी १३ चा कॉग पहिल्या जागेवर बसणारा लागतो, ज्याच्या तोंडावर लॉकरिंग (कॅसेट दाबून धरणारी आट्यांची रिंग) धरायला बारीक दाते असतात, आणि लॉकरिंगही मोठ्या मापाची, ११ च्या कॉगची लॉकरिंग तिथे चालत नाही. दुसऱ्या जागेचा १३ काढून पहिल्या जागेवर लावला असं करू नका.

सामान

लॉकरिंगचं टूल, चेन व्हिप (कॉग धरून ठेवायची, चेनचा तुकडा लावलेली दांडी), मोठा ॲडजस्टेबल पाना, चेन तोडायचं टूल, कानस, पंच, हातोडी, ग्रीस, आणि व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन). व्हर्नियर नसेल तर कोणाचा तरी मागून आणा पण त्याच्याशिवाय बसू नका, का ते पुढे सांगतो. कॉगमध्ये ४२ चा एक आणि १८ चा एक, दोन्ही दहा स्पीडचे. माझा १८ मित्राच्या स्रॅमच्या दहा स्पीड कॅसेटमधून आला, तिच्यात १६-१८-२१ असा क्रम असतो आणि स्रॅम नि शिमानो यांचं दहा स्पीडचं अंतर सारखं असल्याने बसतो. त्याचे मोठे कॉग संपले होते पण १८ चे दात अजून सरळ होते. जुना कॉग घेताना दात नीट बघा, एका बाजूला हूकसारखे वाकलेले दिसले तर फुकट मिळाला तरी घेऊ नका, नव्या चेनखाली तो घसरणार.

४२ चा कॉग शक्यतो ॲल्युमिनियमचाच मिळतो. स्टीलपेक्षा लवकर झिजतो, पण तो फक्त चढावर वापरायचा असल्याने माझ्या मते चालतं.

खोलायचं

चाक काढा, क्विक रिलीजची दांडी बाहेर घ्या, लॉकरिंगचं टूल खाचेत पूर्ण बसवा. चेन व्हिप मधल्या एखाद्या कॉगवर अशी गुंडाळा की कॅसेट उलटी फिरणार नाही, आणि पाना घड्याळाच्या उलट दिशेला. पहिला झटका जोरात लागतो, कडकड आवाज येतो, तो लॉकरिंगच्या दात्यांचा असतो, घाबरायचं कारण नाही.

कॉग एकेक करून निघायला लागले की ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने एका तारेत ओवत जा, मधले स्पेसरसुद्धा (दोन कॉगमधल्या पातळ रिंगा). हे पाच सेकंदांचं काम आहे, आळस केला तर नंतर अर्धा तास जातो. पावसाळ्यात चालवलेली सायकल असेल तर कॉग फ्रीहबला धरून बसलेले असतात, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, चेन व्हिपने थोडं उलट फिरवलं की सुटतात.

फ्रीहब उघडा पडला की आता नीट बघा. त्याच्या उभ्या कडांवर कॉगने पाडलेले चरे दिसतात का? स्टीलचा असेल तर बारीक खुणा असतील, फ्रीहब ॲल्युमिनियमचा असेल तर सुटे कॉग त्यात चाकूसारखे रुततात. अशा फ्रीहबवर मोठे कॉग पिना काढून सुटे करू नका असं मी स्पष्ट सांगेन, ३२-३६ वर पायाचा जोर खूप पडतो, सांगाड्यावरचे कॉगच तिथे हवेत. स्टीलला काही प्रॉब्लेम नाही.

पिना काढायच्या

कॅसेटच्या मागच्या बाजूला तीन पिनांची चपटी डोकी दिसतील. कानसीने ती पूर्ण सपाट होईपर्यंत घासा, मग कॅसेट लाकडावर ठेवून बारीक पंचने ठोकली की पिन दुसऱ्या बाजूला उतरते. घाई करून तिरकं ठोकलं तर कॉग वाकतो, आणि वाकलेला कॉग परत सरळ होत नाही. माझ्या तीन पिनांना चहाची वेळ धरून पाऊण तास लागला. पिना नसल्या तरी कॅसेटचं काही अडत नाही, कॉग फ्रीहबच्या खाचांवरच बसतात आणि लॉकरिंग सगळ्यांना दाबून धरते.

स्पेसर, इथेच सगळं बिघडतं

दहा स्पीडचा कॉग १.६ मिलिमीटर जाड आणि स्पेसर २.३५, मिळून ३.९५. नऊ स्पीडचा स्पेसर २.५६. नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मी पहिल्यांदा बांधली तेव्हा माझ्या डब्यातल्या जुन्या स्पेसरांमधला एक आत गेला. ट्यूनिंगला बसलो तर छोट्या बाजूचे गिअर एकदम स्वच्छ आणि २१ च्या पुढे प्रत्येक गिअरवर चेन घासतेय, केबल ताणून ते नीट केले की छोटे बिघडायचे. असा एक तास गेला, मग सगळं खोलून एकेक स्पेसर व्हर्नियरमध्ये धरला, बाकी सगळ्यांचं माप बरोबर आलं आणि एकाला २.५६. पाव मिलिमीटरसुद्धा नाही, पण त्याच्या पलीकडचा प्रत्येक कॉग तेवढाच सरकतो. म्हणून तुमच्याकडे अर्धे गिअर बरोबर आणि अर्धे चूक असं झालं तर डिरेलरच्या (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मागे लागू नका, जिथून बिघडायला सुरुवात होते तिथला स्पेसर बघा.

दुसरी गोष्ट, ४२ च्या कॉगला बहुतेक वेळा स्पेसरचं अंतर त्याच धातूत कोरलेलं असतं, मग ३६ आणि ४२ मधे वेगळा स्पेसर घालायचा नाही. तसंच ११ आणि १३ यांना स्वतःचीच कॉलर असते. सगळं टेबलावर रचून दाबून मोजा, पहिल्या कॉगच्या दातांपासून शेवटच्या कॉगच्या दातांपर्यंत ३७.१५ च्या जवळपास यायला हवं, नऊ अंतरं आणि एक कॉग एवढाच तो हिशोब आहे.

चढवायची

फ्रीहब पुसा, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. फ्रीहबवर एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, प्रत्येक कॉग त्या खाचेला जुळवूनच बसतो. दातांचा आकडा लिहिलेली बाजू बाहेर. ही खाच कॉगच्या दातांवरचे उतार एकमेकांना जुळावेत म्हणून असते, चेन त्या उतारांवरूनच मोठ्या कॉगवर चढते. आपला १८ दुसऱ्या कंपनीचा, त्यामुळे १५ वरून १८ वर जाताना चेन किंचित उशिरा चढते, अर्ध्या फेऱ्याएवढा फरक. खाली उतरताना काहीच कळत नाही. मला हे मान्य आहे, तुम्हाला प्रत्येक शिफ्ट लोण्यासारखी हवी असेल तर तयार कॅसेट घ्या.

लॉकरिंग लावण्याआधी डोळा फ्रीहबच्या पातळीला आणून बघा, शेवटचा छोटा कॉग फ्रीहबच्या टोकापेक्षा साधारण एक मिलिमीटर बाहेर असला पाहिजे. आत किंवा बरोबरीला असेल तर लॉकरिंग कॉगऐवजी फ्रीहबवर दाबली जाईल आणि कॅसेट ढिलीच राहील. आट्या आधी हाताने धरा, मग ४० न्यूटन मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलो वजनाएवढा जोर म्हणजे ते होतं. शेवटी मोठा आणि छोटा कॉग धरून हलवून बघा, जराही खुळखुळ नको.

चेन

जुनी चेन जवळजवळ नक्की आखूड पडणार. चेन कॉगच्या अर्ध्या घेरालाच गुंडाळलेली असते, म्हणून ६ दात वाढले की ३ कड्या जास्त लागतात, आणि कड्या जोडीनेच वाढतात म्हणून ४ धरा. नवीन चेन घेत असाल तर डिरेलरमधून न ओवता पुढच्या चेनरिंगवरून आणि मागच्या ४२ वरून घट्ट ओढून घ्या, जिथे टोकं भेटतात त्याच्यापुढे दोन कड्या धरून तोडा. मागे सस्पेन्शन असेल तर हे माप सस्पेन्शन पूर्ण दाबून घ्या. आखूड चेनवर चुकून ४२ ला शिफ्ट केलं तर डिरेलर किंवा हँगर (फ्रेमचा डिरेलर अडकवायचा तुकडा) तुटतो, म्हणून चेनचं काम होईपर्यंत सायकल बाहेर काढू नका.

डिरेलर

जुन्या पुष्कळ दहा स्पीड डिरेलरना कंपनीने ३६ चीच मर्यादा सांगितलीय, त्यामुळे ४२ आपण आपल्या जबाबदारीवर लावतोय हे लक्षात असू द्या. चेन सांभाळायची क्षमता मोजायची अशी, मागचा मोठा वजा छोटा, अधिक पुढचा मोठा वजा छोटा. पुढे एकच चेनरिंग असेल तर ४२ वजा ११, म्हणजे ३१, लाँग केजला (लांब दांडीच्या डिरेलरला) हे सहज जमतं. पुढे ३६-२२ असतील तर अजून १४ मिळून ४५, तिथे लाँग केजलाही जड जातं, माझं मत विचाराल तर पुढे दोन असताना ४२ च्या भानगडीत पडू नका, २२ ला ३६ हा गिअर ३२ ला ४२ पेक्षा हलकाच आहे.

आणि शिफ्टर-डिरेलरची जोडी मोडू नका. शिमानोचं एमटीबीचं दहा स्पीड डिरेलर नऊ स्पीडच्या शिफ्टरबरोबर चालत नाही, दोघांत केबल ओढायचं प्रमाण वेगळं आहे.

आता सेटिंग. सायकल स्टँडवर, चेन ४२ वर. आधी एल स्क्रू (डिरेलरला आतल्या बाजूला अडवणारा), चेन स्पोकच्या बाजूला एक केसभरही जायला नको, इथे कसूर झाली तर चढाच्या मधोमध चेन चाकात जाते. मग बी स्क्रू (डिरेलर कॉगपासून किती दूर राहील ते ठरवणारा), डिरेलरचं वरचं छोटं चाक (जॉकी व्हील) आणि ४२ चे दात यांच्यात ५-६ मिलिमीटर अंतर येईपर्यंत आवळा, ५ मिलिमीटरची ॲलन की मधे धरून बघितली की अंदाज येतो. स्क्रू पूर्ण आत जाऊनही अंतर येत नसेल तर तो काढून उलट्या बाजूने लावून बघा किंवा त्याच आट्यांचा लांब स्क्रू घ्या. त्यानेही नाही झालं तर हँगर एक्स्टेंडर नावाचा छोटा तुकडा मिळतो, तो डिरेलरला खाली आणि मागे नेतो. बी स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळू नका, तेवढंच अंतर छोट्या कॉगपाशीही वाढतं आणि ११-१३-१५ वर शिफ्टिंग आळसावतं. सगळ्यात शेवटी केबलचा ताण, अर्धा अर्धा फेरा देत.

रस्त्यावर

स्टँडवर सगळं छानच वाटतं. आधी गल्लीत उभं राहून जोर देऊन बघा, सगळ्या गिअरवर, एकही कॉग घसरायला नको. मग एखादा छोटा चढ, आणि तिथे मुद्दाम २८-३२-३६-४२ खालीवर करा. ३६ वरून ४२ ला जाताना पायाचा जोर अर्धा सेकंद कमी करायची सवय लावून घ्या, ॲल्युमिनियमचे दात त्याने जास्त टिकतात.

मी बोपदेव घाटात पहिल्यांदा नेली, मग आठवड्याने सिंहगड. त्याच वळणांवर, जिथे आधी अंगठा रिकामा शिफ्टर दाबायचा, तिथे खट्ट करून अजून एक गिअर मिळाला आणि मी बसल्या जागेवरून चढत राहिलो. येताना सपाटीवर १५, १८, २१ असं आरामात खालीवर करत घरी आलो, त्याचा आनंद मला वर पोचण्याइतकाच झाला.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर लॉकरिंग एकदा परत आवळा, सुटे कॉग एकमेकांवर बसले की ती किंचित ढिली होते. चेन ०.७५ टक्के वाढली की बदला, उशीर केला तर ती ४२ चा कॉग आधी खाते. आणि काढलेले १७, १९ आणि स्पेसर एका डबीत ठेवून वर दहा स्पीड असं लिहून ठेवा.